गल्फ स्ट्रीम ओलांडायचा तर

फ्लोरिडाच्या आग्नेय किनाऱ्यापासून बहामातलं बिमिनी बेट पन्नास-पंचावन्न मैलांवर आहे. अंतर फार नाही. पण मधून गल्फ स्ट्रीम हा समुद्रप्रवाह वाहतो, दक्षिणेकडून उत्तरेकडे, भर पात्रात तीन-चार नॉटांनी. वारा दक्षिणेचा असला तर पाणी बरं असतं. तो फिरून उत्तरेचा झाला की वाऱ्याची आणि प्रवाहाची समोरासमोर जुंपते. लाटांमधलं अंतर आखडतं, लाट उंचावते आणि तिचा चढ उभा होतो. हिवाळ्यात उत्तरेकडून थंड हवा खाली उतरते, तेव्हा तर जाणते लोक छोटी बोट बंदराबाहेर काढतच नाहीत.

हा पट्टा वेगात आणि सुखरूप ओलांडेल अशी वापरलेली बोट माझ्या मोठ्या भावाला घ्यायची आहे. दादा फोर्ट लॉडरडेलला असतो. आमचे मामा मूळचे हर्णैचे, व्यापारी जहाजांवर चीफ इंजिनिअर होते, निवृत्तीनंतर इथेच लेकीकडे राहतात. दादा बोट बघताना आधी खाली वाकून तळ पाहतो, मामा आधी इंजिनाचं झाकण उघडायला लावतात. त्या बोटीत मीही बसणार आहे, म्हणून दोघांचं म्हणणं नीट ऐकून घेतलं आणि इथे मांडते आहे. जुनी वेगवान बोट घेणारे पुष्कळ लोक रंग आणि स्पीडोमीटरचा आकडा पाहून पैसे मोजतात, हे मी या गावात सतत बघते.

दादा : मामा, मला हवी आहे अडतीस फुटी, दोन इंजिनांची स्टर्नड्राइव्ह बोट. २००० सालाच्या आसपासची. रुंदी आठ फूट, तळ चोवीस अंशांचा डीप-व्ही. नव्या बोटीच्या मानानं फार कमी पैशांत मिळते. इंजिनं थकलेली असली तर असू देत, ती बदलता येतात. तळ बदलता येत नाही.

मामा : तळ बदलता येत नाही, मान्य. पण बिमिनीला इंजिन पोचवतं. निम्म्या वाटेत ते बंद पडलं की तोच प्रवाह तुला उत्तरेला वाहून नेणार. आडव्या लाटेत, हेलकावे खात.

दादा : म्हणून तर दोन इंजिनं.

मामा : दोन्ही एकाच वयाची, एकच खारं पाणी प्यायलेली. पहिल्यानं मान टाकली तर दुसऱ्याचा भरवसा कशावर धरायचा?

स्टर्नड्राइव्ह म्हणजे इंजिन बोटीच्या आत आणि पंखा फिरवणारी ड्राइव्ह मागे बाहेर. दादाचे चोवीस अंश म्हणजे काय, तेही सांगायला हवं. बोट मागून पाहिली की तळाचा व्ही आकार दिसतो. आडव्या रेषेपासून तळाची बाजू किती कोनात वर जाते, तो हा कोन. सपाट तळाची बोट कमी ताकदीत झटकन पाण्यावर चढते, पण लाटेवर आपटते. कोन वाढवला की तळ लाटेत हळूहळू शिरतो आणि धक्का थोड्या जास्त वेळात विभागला जातो. त्याची किंमतही असते. जास्त ताकद लागते, पेट्रोल जास्त जातं, आणि उभी असताना बोट दोन्ही बाजूंना लोळते. नांगर टाकून मासे धरत बसणाऱ्याला असली बोट आवडणार नाही.

दादा : हा तळ लोकांना पटला तोच मुळी इथल्या पाण्यात. १९५८ मध्ये न्यूपोर्टला अमेरिका कपच्या वेळी डिक बर्ट्रम ‘व्हिम’ या शिडाच्या बोटीवर होता. वाऱ्यानं पाणी उसळलेलं, आणि रे हंटनं आखलेली एक लहानशी मोटरबोट त्यातून सरळ धावत होती. बर्ट्रमनं हंटकडून तसाच तळ आखून घेतला, लाकडी बोट बांधली आणि तिचं नाव ‘मॉपी’ ठेवलं. १९६० ची मायामी-नसाऊ शर्यत भयंकर समुद्रात झाली. मॉपी आठ तासांत पोचली. दुसरी बोट त्यानंतर दोन तासांनी, आणि बाकीच्या दुसऱ्या दिवशी. मग त्याच लाकडी बोटीवरून साचा काढून फायबरग्लासची बर्ट्रम ३१ निघाली. पुढे डॉन ॲरोनॉव्हनं नॉर्थ मायामीच्या १८८ व्या रस्त्यावर फॉर्म्युला, डॉन्झी, मॅग्नम, सिगारेट अशा एकापाठोपाठ एक कंपन्या काढल्या, त्या सगळ्या याच विचारावर. साठ वर्षांहून अधिक काळ टिकलेली गोष्ट आहे ही, मामा.

मामा : तुझा हंट मोठा माणूस, वाद नाही. पण मुंबईचंही एक नाव त्याच्या शेजारी घे. सॉनी लेवी. जन्म कराचीचा, माणूस इटालियन घराण्यातला, आणि १९५० च्या दशकात मुंबईत ॲफ्को यार्डात बोटी आखत होता. पावसाळ्यात मुंबईबाहेरचा समुद्र कसा असतो ते मला विचार. ते पाणी बघत तो शिकला. १९६० मध्ये इटलीत ॲंझिओला गेला, आणि इंग्लंडमधली काउज-टॉर्की शर्यत त्याच्या बोटींनी जिंकली. १९६३ ला ‘आ’स्पेरान्झिएला’, १९६७ ला ‘सर्फ्युरी’. पुढे निमुळती, मागे रुंद, वरून पाहिली तर त्रिकोणी, असा त्याचा डेल्टा तळ. १९७१ च्या त्याच्या पुस्तकाचं नावच ‘डाऊज टू डेल्टाज’. अरबी समुद्रातल्या गलबतांपासून सुरुवात आहे बघ त्याची. पण माझा मुद्दा दुसराच आहे. लेवी तळाइतकाच पंख्याच्या मागे लागलेला होता. अर्धा पंखा पाण्याबाहेर ठेवून चालणारी ड्राइव्ह त्यानं स्वतः विकसित केली. तळ वेगळा आणि यंत्र वेगळं, असं तो मानत नव्हता. तू मात्र म्हणतोस, इंजिनाचं नंतर बघू.

मामांच्या या बोलण्यावर दादा गप्प झाला. मला त्यातलं अर्धं पटतं. आखणाऱ्याला तळ आणि यंत्र एकत्रच विचारात घ्यावं लागतं. जुनी बोट विकत घेणाऱ्यापुढचा प्रश्न मात्र वेगळा असतो. त्याला कुठली चूक पैसे खर्चून सुधारता येईल आणि कुठली नाही, हे ठरवायचं असतं. त्या हिशेबात दादाचा क्रम बरोबर आहे. फक्त ‘तळ’ म्हणताना तो आकारापाशी थांबतो, आणि समुद्र आपटतो तो आकाराच्या आतल्या बांधकामावर.

मामा : मला सांग, शांत पाण्यात ही तुझी बोट किती धावते?

दादा : ताशी सत्तर-पंचाहत्तर मैल.

मामा : आणि चार-पाच फुटी आखूड लाटांत? तुझी बहीण मागे बसलेली, पेट्रोलची टाकी भरलेली?

दादा : पस्तीस-चाळीसनं गेली तरी पुष्कळ झालं.

मामा : मग पंचाहत्तरच्या आकड्याचे पैसे कशाला मोजतोस? पस्तीसनं चालताना नाळ खाली दाबून धरता येते का, बोट त्या वेगाला पाण्यावर टिकते का की मागे बसते, ते बघ. उधाणलेल्या पाण्यात तोच वेग तुझा.

दादा : त्यासाठीच अडतीस फूट म्हणतोय. लांब बोट एका लाटेच्या माथ्यावरून दुसऱ्या माथ्यावर जाते, मधल्या खड्ड्यात पडत नाही. अठ्ठावीस फुटी बोट तिथे प्रत्येक खड्ड्यात उतरेल. आणि वजन. जड बोट लाटेला भारी पडते. हलकी, ताकदवान बोट उडते, आणि उडालेली बोट खाली येतेच.

मामा : यात माझा विरोध नाही. आठ फूट रुंदीबद्दल मात्र आहे. इथल्या रस्त्यांवर साडेआठ फुटांपेक्षा रुंद बोट ट्रेलरवरून न्यायला परवाना लागतो, म्हणून या बोटी अरुंद. अरुंद तळ आपटतो कमी, हे खरं. पण बाजूनं लाट आली की कलतो जास्त.

दादा : बिमिनीला जाताना तोंड पूर्वेला, वारा उत्तरेचा असला तर लाट बाजूलाच येणार, हेही खरं. पण कलली तर ट्रिम टॅबनं सावरता येते. आपटणाऱ्या रुंद तळाला काही इलाज नाही.

ट्रिम टॅब म्हणजे बोटीच्या मागे, तळाशी खाली-वर होणाऱ्या पट्ट्या. तोंडावर लाट असेल तर टॅब आणि ड्राइव्ह खाली घेऊन नाळ, म्हणजे बोटीचं पुढचं टोक, दाबायची, म्हणजे तळाचा पुढचा धारदार भाग लाट कापतो. लाट मागून येत असेल तर नेमकं उलटं करायचं, टॅब पूर्ण वर. तेव्हा नाळ दाबलेली राहिली, तर ती पुढच्या लाटेच्या पाठीत घुसते आणि बोट एकदम बाजूला वळते. जाताना जमलेली सवय येताना जीवावर बेतू शकते, आणि हे फार थोडे विक्रेते सांगतात.

आता पायऱ्यांचा विषय. काही वेगवान बोटींच्या तळाला आडव्या पायऱ्या असतात. बाजूंनी हवा आत ओढली जाते, ओला होणारा तळ कमी होतो आणि त्याच ताकदीत वेग वाढतो. दादाला त्या हव्या होत्या. मी त्याला स्पष्ट सांगितलं की नकोत. पायऱ्यांची बोट वळवायची पद्धत वेगळी शिकावी लागते. वेगात, चुकीच्या ट्रिमवर, म्हणजे टॅब-ड्राइव्ह चुकीच्या कोनात असताना, वळवली तर मागचा भाग पाण्यावरची पकड सोडतो आणि बोट गर्रकन फिरते. आतली माणसं त्या फिरण्यात बाहेर फेकली गेली आहेत. उसळत्या पाण्यात ट्रिम सतत बदलावा लागतो, म्हणजे चुकायची संधी दर मिनिटाला. पहिल्या बोटीला सरळ, अखंड व्ही तळच बरा. यावर मामांनी मान हलवली आणि दादानं थोडं कुरकुरत मानलं.

मग मामा मूळ गोष्टीवर आले.

मामा : स्टर्नड्राइव्ह कशाला? तू चौतीस फुटी, बाहेर तीन आउटबोर्ड लटकवलेली सेंटर कन्सोल बोट घे. तिघांपैकी एक गेलं तरी दोन उरतात. घरी आलास की इंजिनं पाण्याबाहेर उचलायची, गोड्या पाण्यानं धुवायची. पेट्रोलची वाफ साठेल असा बंद खण इंजिनापाशी नाही. लाट आत आली तर डेकवरचं पाणी आपोआप बाहेर जातं. तुझ्या बोटीत बऱ्याचदा कॉकपिटचं पाणी थेट बिल्जमध्ये, तळाच्या पोकळीत, उतरतं.

दादा : पण कन्सोलवाल्या बोटीत भिजायला होतं, आणि त्या बहुतेक मासेमारीसाठी आखलेल्या असतात. पुष्कळशा बोटींचा मागचा तळ कमी कोनाचा, म्हणजे आपटणार.

मामा : सगळ्यांचा नाही. चोवीस अंशांच्या मिळतात.

दादा : मिळतात, पण चांगली इंजिनं असलेली तसली बोट माझ्या पैशांत बसत नाही. माझ्याजवळ जे आहे त्यात एक तर उत्तम तळ आणि मध्यम इंजिनं येतील, नाहीतर मध्यम तळ आणि उत्तम इंजिनं. मी पहिलं निवडतो.

मामा : मध्यम इंजिनं असं तू म्हणतोस. मी त्यांना न उघडलेली इंजिनं म्हणतो. ऐक. मोठ्या ब्लॉकचं पेट्रोल इंजिन, त्यातून पाचशे हॉर्सपॉवर काढलेली. एक्झॉस्टच्या मॅनिफोल्डमधून समुद्राचं पाणी फिरतं. लोखंड आतून खात जातं, बाहेर रंग चकचकीत. एक दिवस पाणी सिलिंडरमध्ये. ते मॅनिफोल्ड आणि रायझर कधी बदलले, त्याची पावती दाखव म्हणायचं. पावती नसेल तर बदललेच नाहीत असं धरून किंमत पाडायची. इंजिनाला स्वतःचं गोडं पाणी आणि हीट एक्स्चेंजर असेल तर आनंद आहे, पण तिथेही मॅनिफोल्ड त्या गोड्या पाण्यावर आहेत की नाहीत ते विचारायचं. सगळ्यांचे नसतात.

दादा : एका बोटीवर फक्त तीनशे तास आहेत.

मामा : वीस वर्षांत तीनशे? म्हणजे ती उभी होती. उभ्या इंजिनात सील वाळतात, व्हॉल्व्ह गंजतात, जुनं पेट्रोल टाकीत बसतं. आणि असल्या ताणलेल्या इंजिनांना काही शे तासांतच उघडावं लागतं, हे त्या बाजारात सगळ्यांना ठाऊक असतं. तासांवर जाऊ नकोस. प्रत्येक सिलिंडरचा दाब मोज, सगळ्यांचे आकडे एकमेकांपासून दहा टक्क्यांच्या आत हवेत. मग लीक-डाउन चाचणी. तेल प्रयोगशाळेत पाठव. इंजिनाला संगणक असेल तर कुठल्या आरपीएमला किती वेळ चाललंय तेही त्यातून निघतं. मालक काय सांगतो ते ऐक, पण लिही ते जे यंत्र सांगतं.

जहाजावर आयुष्य काढलेल्या माणसाचं हे बोलणं मी अक्षर न अक्षर टिपून घेतलं. तळाच्या बाजूनं मात्र यादी तेवढीच लांब आहे, आणि तिथे फसगत जास्त महाग पडते, कारण कुजलेल्या ट्रान्समला बाहेरून वास येत नाही.

ट्रान्सम म्हणजे बोटीची मागची उभी फळी. ड्राइव्ह तिलाच लटकलेली, त्यामुळे पंख्याचा सगळा रेटा तिच्यावर. जुन्या बोटींत फायबरग्लासच्या दोन थरांमध्ये प्लायवुड असतं, तळात आणि बाजूंना बाल्सा लाकडाचा गाभा. हे बांधकाम वाईट नाही, ते कडक आणि हलकं होतं. पण कुणी तरी ट्रिम टॅबचा किंवा सोनारच्या सेन्सरचा स्क्रू नीट सील न करता मारलेला असतो. त्या भोकातून पाणी गाभ्यात शिरतं, लाकूड मऊ होतं, थर सुटतात. बोट तपासणारा सर्व्हेअर छोट्या हातोडीनं तळ ठोकत जातो, घट्ट जागी टणक आवाज येतो, सुटलेल्या जागी बद्द. ओलावा मोजायचा मीटर फिरवतो. दादाला मी आणखी एक साधी चाचणी सांगितली. बोट ट्रेलरवर असताना ड्राइव्हच्या खालच्या टोकाला धरून जोरानं वर-खाली करायचं आणि दुसऱ्यानं ट्रान्समकडे बघायचं. फळी हलली, तर पुढचं काही बघायची गरज नाही.

उधाणाच्या पाण्यात चाललेल्या बोटीचा खरा इतिहास पुढच्या भागात सापडतो. नाळेजवळच्या कपाटात टॉर्च घेऊन आडवं झोपायचं. आतल्या आडव्या भिंती, म्हणजे बल्कहेड, तळाला जिथे फायबरच्या पट्ट्यांनी जोडलेल्या असतात, तिथे पट्टी सुटलेली आहे का, पांढरी पडली आहे का, ते बघायचं. आपटण्याचा मार तिथेच बसतो. मग बोटीच्या मागे जाऊन एक डोळा मिटून तळाच्या रेषेवरून पुढे पाहायचं. ट्रेलरच्या फळ्यांवर चुकीची टेकून वर्षानुवर्षं उभी राहिलेली बोट मागे किंचित वाकते, आणि तो बाक वेगात तिची नाळ खाली दाबतो. तळाला नुकताच नवा जेलकोट दिला असेल तर का दिला, हे विचारायचं. ॲल्युमिनियमची पेट्रोल टाकी फोममध्ये पक्की बसवलेली असेल तर फोम ओला आहे का ते बघायचं, कारण ओल्या फोमात ती टाकी बाहेरून खाल्ली जाते आणि बदलायची तर डेक कापावा लागतो.

दादा : एवढं सगळं मी कसं बघणार?

मामा : तू बघायचंच नाहीस. सॅम्स किंवा नॅम्स या संस्थांचा सदस्य असलेला सर्व्हेअर तू स्वतः नेम, ब्रोकरनं सुचवलेला नको. इंजिनासाठी वेगळा मेकॅनिक. सर्व्हेअर इंजिन उघडत नाही. जुन्या बोटीचा विमा काढायला सर्व्हे लागतोच बहुतेक ठिकाणी. दोघांचे पैसे तुझे. बोट घेतली नाहीस तरी ते पैसे फुकट गेले असं म्हणायचं नाही.

दादा : सर्व्हेत तळ उत्तम निघाला आणि इंजिनं कमकुवत, तर?

मामा : तर दोन्ही इंजिनं नव्यानं बांधायचा खर्च किमतीतून वजा करून सांग, आणि तो पैसा वेगळा ठेवून दे. त्यातून रंग किंवा स्पीकर घ्यायचे नाहीत.

दादा : आणि इंजिनं उत्तम, तळ ओला, तर?

मामा थोडा वेळ काही बोलले नाहीत. इंजिनाच्या माणसाला हे म्हणायला जड गेलं असावं, पण म्हणाले.

मामा : तर परत ये. विषय संपला.

आता चालवण्याबद्दल. शर्यतीच्या बोटीवर एक जण चाक धरतो, आणि थ्रॉटल दुसऱ्याच्या हातात असतो. बोट लाटेवरून सुटून हवेत गेली की थ्रॉटलवाला ताकद काढून घेतो आणि पाण्यात उतरल्यावर परत देतो. तसं केलं नाही तर हवेत पंखा बेभान फिरतो आणि पाण्यात शिरताक्षणी सगळा झटका ड्राइव्हच्या गिअरवर येतो. दादाकडे दुसरा माणूस नसणार. त्यानं उडायचंच नाही, हे मी त्याला बजावलं आहे. उभं राहून चालवायच्या बोल्स्टर सीट असल्या तर उत्तम, गुडघे धक्का घेतात. बसल्या माणसाचा धक्का थेट पाठीच्या कण्याला जातो, आणि वेगवान बोटीत कंबरेचे मणके दबल्याच्या दुखापती होत असतात. आपटणं सर्वांत कमी बोटीच्या मागच्या भागात जाणवतं. माझी जागा तिथे.

दादानं आता एक बोट हेरली आहे. पस्तीस फुटी, पायऱ्यांविना, चोवीस अंशांची, दोन बिग ब्लॉक, गोड्या पाण्याचं कूलिंग, बहुतेक काळ लिफ्टवर ठेवलेली. मामा अजूनही आउटबोर्डच म्हणतात, आणि पैसे जास्त असते तर मीही त्यांच्या बाजूनं बोलले असते. मालक चाचणीसाठी इंट्राकोस्टल कालव्यात फिरवून आणायला तयार होता. त्या कालव्यात पाणी सपाट, वेगाला मर्यादा, तिथे काय कळणार? दादानं त्याला हॉलोव्हरच्या मुखातून बाहेर समुद्रात जायला सांगितलं. ओहोटीचं पाणी बाहेर पडतंय आणि पूर्वेचा वारा आत येतोय, अशा वेळी त्या मुखात बोटी कशा उसळतात ते या किनाऱ्यावर सगळ्यांना माहीत आहे. मालकानं थोडा विचार करून होकार दिला. वाऱ्याचा अंदाज बघून दिवस ठरेल.

मामांनी फोनवर दादाला एकच सूचना केली : “आम्ही पोचेपर्यंत इंजिन सुरू करायचं नाही, असं त्याला सांग. थंड इंजिन पहिल्या किल्लीला कसं उठतं आणि मागून कसला धूर निघतो, ते मला बघायचंय.”